खेड ते मंचर: आरणी आणि बटाट्याची पाकोळी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. राजगुरुनगर (म्हणजेच खेड) सोडून पुणे-नाशिक रस्त्याने मंचरच्या दिशेला लागलो. डावीकडे वर सातगाव पठार, पण तिथला बटाटा पावसाळी. आता वावरं मोकळी. आम्हाला बघायचा होता खालचा, पाण्यावरचा रब्बी बटाटा. काढणी उन्हाच्या तोंडावर येते, माल आरणीत, म्हणजे सावलीत पाल्या-गवताखाली रचलेल्या ढिगात बसतो आणि बटाटा पोखरणाऱ्या पाकोळीचं फावतं.

ही पाकोळी इथली नव्हे. 1906 च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्यातून ती मुंबई इलाख्यात शिरली. करड्या रंगाचा, नखाएवढा पतंग. पहिल्याच वावरात पानावर तपकिरी फुगीर डाग दिसला. उजेडासमोर धरला तर आत अळी. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये ती सुरक्षित बसते, म्हणून वरवरची फवारणी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

खरी लढाई मातीची. त्या वावरात लावण जेमतेम 5-6 सेंमी खोल होती आणि बुडाशी मातीची भर एकदाच लावलेली. पाण्याने वरंब्याची माती ओघळली होती, बटाटे उघडे पडून हिरवे झाले होते. पाकोळी अशाच बटाट्याच्या डोळ्यांवर अंडी घालते. शेजारच्या तुकड्यात लावण 10 सेंमी खोल, भर दोनदा, वरंबा वीतभर उंच. तिथे पोखरलेला बटाटा शोधावा लागला.

पेच पडतो तो काढणीआधी. साल पक्की व्हावी म्हणून 8-10 दिवस पाणी तोडायचं, की भारी जमिनीत भेगा पडल्याच. पाला कापला की वाळत्या पानातल्या अळ्या भेगांतून थेट बटाट्यावर उतरतात. उपाय कंटाळवाणा आहे: पाणी तोडण्याआधी शेवटची माती चढवायची, भेगा बुजवायच्या, कापलेला पाला त्याच दिवशी वावराबाहेर न्यायचा. पाकोळ्या जास्त असतील तर पाला कापल्यावर फार दिवस थांबू नये.

ढिगाजवळ एक मजूर बाई मालकाला म्हणाली, "आण्णा, पाला टाकू का वर? ऊन लागतंय मालाला."

"पाला नको मावशी, गोणपाट टाका."

एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. बटाट्याचाच पाला पांघरला तर आपल्या हाताने अळ्या ढिगावर सोडल्यासारखं होतं. पाकोळी रात्री फिरते, त्यामुळे उघडा माल रात्रभर वावरात ठेवायचा नाही.

मादीच्या गंधाने नर पाकोळ्या ओढणारे कामगंध सापळे बऱ्याच ठिकाणी दिसले, काही चक्क कोरडे. सापळ्याच्या भांड्यात साबणाचं पाणी हवं, ल्युर (तो गंध असलेली गोळी) पाण्याच्या दोन बोटं वर. एकरी 8 सापळे, ल्युर 3-4 आठवड्यांनी बदलायची. पण सापडतो तो नरच. शेजाऱ्याच्या वावरातून गाभण मादी उडत आली तर सापळा काय करणार? नुसत्या सापळ्यावर विसंबणं आम्हाला पटत नाही.

आरण लागत होती आंब्याखाली. उंचवट्यावरची जागा, खाली बोटभर जाडीचा कडुनिंबाचा वाळका पाला, त्यावर कंबरेपेक्षा कमी उंचीचा ढीग, मध्ये भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा. वर पुन्हा तेवढाच पाला, मग गवत. घाणेरीचा वाळका पालाही चालतो. ओला मात्र अजिबात नको. ढीग तापतो आणि सड लागते.

हा पाला पाकोळीला बाहेर थोपवतो, बटाट्याच्या आतली अळी मारत नाही. म्हणून प्रतवारी नेटाने हवी. तिथला एक वरून ठणठणीत बटाटा हातात घेतला. डोळ्यापाशी मोहरीएवढी काळी विष्ठा, जाळ्याने चिकटलेली. कापला तर वेडंवाकडं काळपट बीळ आणि टोकाला सेंटिमीटरभर लांबीची मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. उन्हाळ्यात पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते. असा एक बटाटा आत गेला तरी एप्रिलपर्यंत पाकोळ्या ढिगातच जन्मतात.

आरणीपासून वीसेक पावलांवर बांधाला निवडून टाकलेला माल उघडाच पडला होता. काठीने हलवला तशा चार-पाच पाकोळ्या उठल्या आणि आंब्याच्या सावलीकडे गेल्या. तो माल दोन फूट खोल गाडायला हवा होता. आण्णांनी कुदळ मागवली.