पायाच्या नखांवर तिरंगा

मी ठाण्यात नेल आर्ट करते, सात वर्षं झाली. ऑगस्टचा दुसरा आठवडा आमचा सीझनच असतो, पण 2025 ला नुसता कहर होता. 15 ला शुक्रवारी झेंडावंदन नि 16 ला लगेच दहीहंडी, त्यामुळे प्रत्येकीला एकाच हातावर तिरंगा पण पाहिजे आणि मोरपीस पण पाहिजे.

तिरंगा सोपा वाटतो, नसतो. बाजारातला ऑरेंज जेल भलताच निऑन निघतो, मी त्यात थेंबभर पिवळा घालते. पांढरा तर महानाटकी, जरा जाड लागला की जेल सुकवायच्या लॅम्पखाली सुरकुततो, म्हणून दोन पातळ कोट. चक्र मी फक्त अंगठ्यावर काढते, पूर्ण नख पांढरं करून, कारण बाकी बोटांवर पांढरा पट्टा जेमतेम 4 मिलिमीटर, तिथे 24 आरे मावणार कुठे? आधी अधिकचं चिन्ह, त्यावर फुली, झाले 8, मग प्रत्येक फटीत दोन-दोन, झाले 24. मधेमधे पाच सेकंद हात लॅम्पमध्ये, नाहीतर निळा पसरतो आणि चक्राचा शाईचा डाग होतो. स्टिकर चिकटवणाऱ्या दोन मिनिटांत मोकळ्या होतात, पण त्यांचे आरे मोजा एकदा, मी मोजलेत, 16 भरले.

आणि एक भानगड असते. केशरी टोकाकडे काढला तर हात वर केला की झेंडा सुलटा, हात खाली सोडला की उलटा. केशरी खाली येता कामा नये असं ध्वजसंहितेत आहे, पण बाई काय दिवसभर हात वर करून फिरणार आहे?

तर 14 ला रात्री साडेआठला एक मुलगी आली, विशीतली, महिला गोविंदा पथकातली, सगळ्यात वरच्या थरावर चढणारी. एक्स्टेन्शन नको, आखूड नखंच, हे तिनेच सांगितलं, मला बरं वाटलं. केशरी कुठे हे विचारलं तर हसली, "ताई, माझे हात वरच असतात." हात झाले आणि म्हणाली, आता पायावर पण तिरंगाच काढा.

मी म्हटलं, अगं पायावर नाही काढत मी. कमरेखालच्या कपड्यांवर, अ‍ॅक्सेसरीवर तिरंगा चालत नाही, कायदा आहे. ती म्हणाली नख काय कपडा आहे का? मी गप्प. मग म्हणाली, "खालून लोकांना माझे पायच दिसतात ताई. आणि पाय असतात सगळ्यांच्या डोक्याच्या वर." यावर काय बोलणार! तरी नाहीच काढला. मोरपीस काढून दिलं, मस्त झालं होतं, पण तिने पायांचा फोटोसुद्धा काढला नाही. मी कायद्यामुळे नाही म्हटलं, का कुणी रील काढून व्हायरल करेल या भीतीने, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

गणपतीच्या दोन दिवस आधी ती परत आली, मोदकाची डिझाईन करायला. उजव्या तर्जनीचा केशरी टवका उडालेला, कुणाचा तरी खांदा घट्ट धरताना. नेहमीसारखं टॉपकोट घासला, ॲसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळलं, 15 मिनिटांनी पुशरने खरवडलं. केशरी, पांढरा, हिरवा, सगळं लगदा होऊन निघालं आणि हातासरशी डब्यात टाकलं. आठवडाभर तेच करत होते, कितीजणींचं.

ती डब्याकडे बघत होती. "ताई, आणि हे चालतं?"

खराब झालेला झेंडा एकांतात, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो, हे मला माहीत होतं. आता ॲसिटोनचा कापूस दुकानात पेटवू का मी?

मी डब्याला झाकण लावलं आणि विचारलं, मोदक किती बोटांवर काढायचे?