पहिल्या टाकीचे तास

ऑगस्टमधला तो दिवस मी बोंडअळीचे पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांच्या पाहणीसाठी राखून ठेवला होता. परंतु सकाळीच घाटंजी तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याचा फोन आला, की त्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, ‘व्हायरस’ आला असून फवारण्या करूनही तो हटत नाही. कृषी सहायक म्हणून असे फोन मला नवे नाहीत. हा तरुण मात्र शेतीचे व्हिडिओ करतो, आणि ते खरोखर चांगले असतात : आवाज स्वच्छ, चित्रीकरण नेमके, बोलणे अस्सल वऱ्हाडी. मी वावरात पोहोचण्याआधीच या रोगावरचा व्हिडिओ टाकून झाला होता आणि त्याखाली औषधे सुचवणाऱ्यांची रांग लागली होती.

झाडांची शेंड्याकडची पाने अरुंद, लांबट आणि थेट भेंडीच्या पानांसारखी झाली होती. त्याने मोबाईलवर मला पंजाबातील एक व्हिडिओ दाखवला. कपाशीचा पर्णगुच्छ रोग पंजाब, हरियाणा आणि उत्तर राजस्थानात मोठे नुकसान करतो, हे खरे. पण तो पांढरी माशी पसरवते आणि त्यात पानांच्या कडा वळून खालच्या शिरा जाड होतात. मी पान उलटून दाखवले. शिरा जाड नव्हत्या आणि पांढरी माशी शोधावी लागत होती. व्हिडिओतून रोगाचे नाव आयतेच मिळाल्यामुळे पान उलटण्याचे कारणच त्याला उरले नव्हते.

“एवढे लोक चुकीचं कसं सांगतील, सर?” त्याने विचारले.

पंप पाठीवर घेऊन फवारणी करणारे काका तोवर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गप्प उभे होते. ते म्हणाले, “साहेब, पयल्या टाकीच्या तासाइले जास्त हाये. मंग कमी कमी होत गेलं.”

तास म्हणजे पिकाच्या ओळी; पंपाची पहिली टाकी ज्या ओळींवर संपली, तिथे लक्षणे सर्वांत जास्त होती. निदान तिथेच झाले. रोग टाकीच्या हिशेबाने ओसरत जात नाही. चौकशीअंती कळले, की पंप शेजाऱ्याकडून आणलेला होता आणि शेजाऱ्याने त्यातून धुऱ्यावर २,४-डी हे तणनाशक मारले होते. कपाशी या तणनाशकाला इतकी नाजूक असते, की नुसत्या पाण्याने विसळलेल्या पंपातील अंशही तिला पुरतो; टाकीगणिक तो अंश कमी होत गेला होता.

सल्ला देणारे सगळेच अडाणी होते, असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर एकच पान होते, पडदाभर आणि अत्यंत सुबक टिपलेले. तास चौकटीबाहेर राहिले होते आणि काकांना कोणी विचारलेच नव्हते. त्या सल्ल्यांवर विसंबून त्याने तीन औषधे एकत्र करून मारली होती, ती काकांच्याच हातून, तोंडाला साधा रुमाल बांधून. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले; त्यामुळे अशी फवारणी नुसती पैशाची नासाडी मानून सोडून देणे मला जमत नाही. या मुद्द्यावर मी त्याला स्पष्ट शब्दांत सुनावले.

उपाय साधाच होता : बाधित शेंडे खुडणे, युरियाची हलकी फवारणी, तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवणे आणि नवी पालवी येईपर्यंत धीर धरणे. शेवटची गोष्ट त्याला सर्वांत जड गेली, कारण रोज कोणी ना कोणी ‘आज काय मारलं?’ असे विचारत होते.

नवी पाने रुंद आल्यावर त्याने दुसरा व्हिडिओ केला. त्यात तो पहिल्या टाकीच्या तासापासून कॅमेरा घेऊन चालत जातो आणि काका बोलत राहतात. माझ्या मते ते त्याचे आजवरचे सर्वोत्तम काम आहे. ते फार थोड्यांनी पाहिले. पहिला व्हिडिओ त्याने काढून टाकला, पण तोवर तो व्हॉट्सॲपच्या गटांत पोहोचला होता. आजही शेतकरी त्यातील पानाचे चित्र घेऊन कृषी केंद्रावर ‘व्हायरसची दवाई’ मागतात, आणि ती त्यांना मिळतेही.