बंद होणाऱ्या लॅबच्या विक्रीला जाऊन आलो

एक टेस्टिंग लॅब बंद होत होती आणि तिथली उपकरणं विक्रीला काढली होती. दार उघडायच्या आधीच पोचलो, कारण चांगले मल्टिमीटर पहिल्या तासात जातात. अशा विक्रीला जाणार असाल तर तपासायचं सामान सोबत न्याच. माझ्या पिशवीत एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, उपकरणं जोडायच्या दोन बीएनसी केबल, ऑसिलोस्कोपचा (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) घरचा ×१० प्रोब, म्हणजे सिग्नल दहापट कमी करून स्कोपपर्यंत नेणारी वायर, आणि दोन रेझिस्टर होते: एक १० ओहम, १० वॅटचा, दुसरा १० किलोओहमचा, ०.१ टक्के टॉलरन्सचा.

पहिल्या रेझिस्टरनं लगेच काम केलं. एक बेंच पॉवर सप्लाय दिसायला झकास, नॉब फिरवला की ५ व्होल्ट अचूक. रेझिस्टर लावला. अर्धा अँपिअर जायला हवा होता, पण व्होल्टेज ३.२ वर घसरलं. करंट लिमिट पूर्ण उघडून पाहिलं, तरी तेच. लोड (करंट ओढणारं काहीतरी, इथे रेझिस्टर) न लावता सप्लाय घेऊ नका.

स्कोपच्या टेबलापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. १०० मेगाहर्ट्झचा जुना अॅनालॉग स्कोप, टेक्ट्रॉनिक्स ४६५. प्लग लावण्याआधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. ११५ वर ठेवलेलं उपकरण २३० ला जोडलं की संपलं. ट्यूब तापेपर्यंत धीर धरा. मग हिरवी रेघ उमटते, ती बारीक आणि स्थिर हवी. ब्राइटनेस कमी करून पडद्यावर जळका डाग आहे का बघा. प्रोब स्कोपवरच्या कॅलिब्रेटरच्या १ किलोहर्ट्झ चौकोनी लहरीला लावा आणि प्रोबवरचा ट्रिमर (जुळणीचा छोटा स्क्रू) फिरवा: कोपरे गोल दिसले तर कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्रोबची स्कोपशी जुळणी, कमी, टोकं वर उसळली तर जास्त. दोन्ही चॅनेलवर हे करा, आणि व्होल्ट्स-डिव्हिजनचा (पडद्यावरच्या एका चौकटीला किती व्होल्ट हे ठरवणारा) स्विच प्रत्येक पायरीवर फिरवून बघा. स्विच फिरवताना रेघ उडत असेल तर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट मळलेले असतात, ते साफ करता येतात.

शेजारच्या स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कोणीतरी कापून टाकली होती. हे पाहून मला खरोखर भीती वाटली. प्रोबची ग्राउंड क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. मेन्सवर चालणाऱ्या सर्किटमध्ये स्पार्क होऊ नये म्हणून लोक ही पिन काढतात, आणि मग स्कोपची धातूची बॉडीच लाइव्ह होऊ शकते. अशा सर्किटला डिफरन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सर्किटला मेन्सपासून वेगळं करणारा) वापरायचा, आणि ट्रान्सफॉर्मर तपासायच्या सर्किटला लावायचा, स्कोपला नव्हे.

मीटरमध्ये एचपी ३४७८ए मिळाला, साडेपाच अंकी. १० किलोओहमचा रेझिस्टर चार वायरींनी जोडला (म्हणजे वायरींचा स्वतःचा रोध मोजला जात नाही), १०.००३२ आलं. तेवढ्यावर घेऊन टाकला. याचं कॅलिब्रेशन (अचूक मोजण्यासाठी साठवलेले दुरुस्तीचे आकडे) बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतं. बॅटरी बदलताना मेमरीचा पुरवठा क्षणभरही तुटला की कॅलिब्रेशन गेलं, म्हणून आधी त्याची नोंद काढून ठेवायची.

विक्री पाहणारे काका टेस्ट इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. मी ट्रिमर फिरवताना बघून जवळ आले. नोकरीच्या मुलाखतीत ते उमेदवाराच्या हातात मुद्दाम बिघडवलेला प्रोब द्यायचे. "आलेल्या लहरीवर जो शंका घेतो, त्याला मी घ्यायचो," म्हणाले. नवीन मुलांना डिझाइनच हवं असतं, टेस्ट आणि कॅलिब्रेशनच्या जागा कमीपणाच्या वाटतात. हे कमीपण मला पटत नाही. उत्पादन कुठे आणि का फेल होतं हे टेस्टच्या बेंचवर जितकं कळतं, तितकं नुसत्या स्कीमॅटिकवरून (सर्किटच्या आराखड्यावरून) कळत नाही. घरी छोटी लॅब असलेल्याला या कामाची सवय आधीच असते. मुलाखतीला जाताना स्वतः दुरुस्त केलेल्या एखाद्या उपकरणाच्या नोंदी आणि वेव्हफॉर्मचे फोटो न्या.

तो ४६५ स्कोपही मी घेतला. परतीचं सांगायचं तर तो दहा किलोच्या आसपास भरतो. नॉबवर वजन येऊ देऊ नका, चादरीत गुंडाळून मांडीवर किंवा सीटवर ठेवा. घरी आल्यावर लगेच तासन्‌तास चालू ठेवू नका. मी आधी प्लग काढून झाकण उघडलं. मेन्स फिल्टरमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचा कागदी कपॅसिटर होता, आवरणावर केसासारख्या चिरा. अशा चिरांतून ओल आत जाते आणि एक दिवस धूर निघतो. मोठ्या कपॅसिटरचा चार्ज उतरलाय हे मीटरनं बघून घेतलं, मग तो कागदी काढला आणि एक्स-२ दर्जाचा (मेन्सवर लावण्यासाठीचा) नवा सोल्डर केला. रात्री उशिरा पुन्हा चौकोनी लहर लावली. चारही कोपरे काटकोनात होते.