अल्बमबाहेर राहिलेलं गाणं: अर्थ लावण्याआधी

एखादं गाणं रेकॉर्ड झालं, पण अल्बममध्ये आलं नाही, एवढं कळायचा अवकाश, चाहत्यांच्या डोक्यात गोष्ट तयार होते. कंपनीनं दाबलं. फार खरं बोलला म्हणून काढलं. ते 'तिच्यावर' होतं. बेळगावच्या टिळकवाडीत काय किंवा निपाणीत काय, चार गाणंवेडे जमले की पहिली पंधरा मिनिटं यातच जातात, आणि गाणं अजून लावलेलंही नसतं. मग कुणीतरी जाणता वैतागून म्हणतो, "मिनिटं मोज की पहिला!" त्या जाणत्याच्या बाजूनं हा मजकूर आहे.

मिनिटं म्हणजे काय, ते आपल्या बेळगाव भागातल्या श्रोत्याला वेगळं सांगायला नको. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व यांना ऐकत वाढलेल्या घरांत हे माहीतच असतं की ७८ फेऱ्यांच्या जुन्या दहा इंची तबकडीवरचा ख्याल म्हणजे मैफलीतला ख्याल नव्हे. एका बाजूला सव्वातीन ते साडेतीन मिनिटं, त्यात मावलं ते गाणं. एलपी या मोठ्या तबकडीवर एका बाजूला २० ते २२ मिनिटं नीट बसतात. त्यापुढे ताणलं तर खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते, आणि आतल्या खाचांत तीव्र स्वर (ट्रेबल) आधीच मार खाल्लेले असतात. कॅसेटवर जागा जास्त, पण तिथंही दोन्ही बाजू साधारण सारख्या लांबीच्या लागतात, नाहीतर एका बाजूला रिकामी टेप फिरत राहते. म्हणून साडेसहा मिनिटांचं उत्तम गाणं बाहेर राहतं आणि तीन मिनिटांचं बेताचं गाणं आत येतं. त्यात कट नसतो, हिशेब असतो.

बाकीची कारणंही अशीच रुक्ष. त्याच ठेक्यात, त्याच लयीत, त्याच पट्टीत दुसरं गाणं आधीच घेतलेलं असतं. गीतकाराशी व्यवहार पुरा झालेला नसतो. किंवा गाणंच पुरं झालेलं नसतं, आणि हे सगळ्यात जास्त वेळा. चाल आधी बांधून त्यावर शब्द लिहायची पद्धत असेल तर सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये 'डमी' शब्द असतात: मीटर भरायला टाकलेले, नंतर बदलायचे. अशा डमी ओळीतल्या 'काचेच्या पक्ष्या'वर दोन-दोन तास प्रतीकशास्त्र चालतं. गायकानं तो पक्षी फक्त मात्रा मोजायला बसवलेला असतो.

आता हातातल्या प्रतीकडे वळू. आपल्याकडे अशी गाणी येतात ती बहुधा भरून घेतलेल्या कॅसेटवरून, किंवा त्या कॅसेटची कुणीतरी केलेली फाइल फिरत येते. फाइलचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या उंचीचे स्वर किती आहेत याचं चित्र, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडला की तिची बरीचशी कुळकथा दिसते. तीव्र स्वर पाचेक किलोहर्ट्झपाशी कापल्यासारखे थांबले असतील तर ते मीडियम वेव्ह रेडिओवरून घेतलेलं, म्हणजे या पट्ट्यात बहुधा धारवाड ७६५ किंवा सांगली १२५१ किलोहर्ट्झ. १५ किलोहर्ट्झला थांबत असेल तर एफएमची शंका घ्या. १६ला सरळ कडा असेल तर मधे कधीतरी १२८ केबीपीएसची, दाबून लहान केलेली एमपीथ्री होऊन गेली आहे, आता फाइलचं नाव काहीही असो. कडा नसून उतार असेल, वरचे स्वर हळूहळू विझत गेले असतील, तर कॅसेटवरून कॅसेट अशा दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत किंवा हेडचा (डेकमधल्या टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळलेला नाही. 'थेट स्टुडिओतून' म्हणून मिळालेल्या फाइलला पाच किलोहर्ट्झला कडा दिसली की ती फुशारकी तिथंच संपवावी.

मूळ कॅसेट मिळाली तर आधी कडांवर पांढरी भुकटी आहे का बघा. खानापूरकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपला बुरशी धरतेच. तशी टेप डेकमध्ये घालू नये, ती हेडही घाण करते आणि पुढची कॅसेटही. टेप स्वच्छ असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावं. रबरी रोलरला ते लावू नये, रबर कडक होतं. साबणाच्या पाण्याचं ओलसर फडकं पुरे. हेडच्या बाजूच्या छोट्या स्क्रूनं कोन जुळवताना दोन्ही चॅनल मोनोत एकत्र ऐकावे आणि 'स' सर्वांत लख्ख येईल तिथं थांबावं. अष्टमांश फेरासुद्धा कधीकधी जास्त होतो. फाइल करताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास.

यानंतर वेग. अर्थाचे निम्मे घोटाळे इथं होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. टेप जोरात चालली की आवाज तरुण, अधीर, थोडा चिडलेला लागतो. सावकाश चालली की तोच गायक थकलेला, हताश वाटतो. मग "हा शेवटच्या काळातला आवाज आहे" असा सिद्धान्त निघतो आणि अख्खा अर्थ त्यावर उभा राहतो. एक अर्धस्वर म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के फरक. ३ टक्के जोरात चाललेलं चार मिनिटांचं गाणं ७ सेकंद आधी संपतं, कानाला ते कळत नाही, पण आवाजाचं वय बदलतं. एक उलटी गोष्टही ध्यानात ठेवावी: भरताना डेकचा बेल्ट सैल असेल आणि टेप हळू चालली असेल, तर नीट डेकवर ते गाणं जोरात ऐकू येतं.

वेग ठरवायला दोन साक्षीदार लागतात. पहिला पट्टी. समजा पुरुष गायक आहे, साथीला पेटी आहे, आणि सा मोजला तर १४३ हर्ट्झ येतो. पेटीच्या पट्ट्यांत काळी एकचा सा १३८.६, तिच्या लगेच वरच्या पांढरी दोनचा १४६.८. म्हणजे गाणं एकतर काळी एकमधलं असून चढलंय किंवा पांढरी दोनमधलं असून उतरलंय. पेटी मधल्या फटीत वाजत नाही, पण या दोहोंतलं कुठलं हे एकटी पेटी सांगू शकत नाही.

दुसरा साक्षीदार विजेचा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्याखाली एक बारीक घूं असते, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. ५०ची रेघ पाहत बसू नये, ३००ची पाहावी, कारण १ टक्क्याचा फरक तिथं ३ हर्ट्झ होऊन दिसतो. आपल्या उदाहरणात ती ३०९ला सापडली तर गाणं ३ टक्के जोरात आहे. १४३ला १.०३नं भागा: १३८.८. काळी एक. दोन्ही साक्षी जुळल्या.

गंमत अशी की वीजही नेहमी खरं बोलत नाही. जुन्या काळात आपल्याकडे ग्रिडची, म्हणजे विजेच्या जाळ्याची, वारंवारता ५०वर स्थिर नसे, आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं ते २०१३च्या डिसेंबरअखेरीस. रेकॉर्डिंगच्या वेळी ती ४८.५ असती तर ३००ची रेघ मुळातच २९१ला असती, आणि हिशेब ६ टक्क्यांवर गेला असता. तेव्हा सा येतो १३४.७, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्या फटीत, पेटीवर कुठंच नाही. म्हणून एकट्या विजेवर विसंबू नये. आणखी एक सापळा म्हणजे कॅसेट भरणाऱ्या डेकची स्वतःचीही घूं असते. दोन रेघा शेजारी दिसल्या तर ठरल्या जागेपासून सरकलेली रेघ जुनी, बहुतेक मूळची. दुरुस्ती करताना वेग आणि स्वर एकत्र बदलणारा पर्याय निवडावा. नुसता टेम्पो बदलला तर लय सुधारते आणि पट्टी चुकलेलीच राहते. गाणं नुसत्या तंबोऱ्यावर असेल तर मात्र पेटीचा पुरावाच नाही; तिथं गायकाचा सा खरोखरच दोन पट्ट्यांच्या मधे असू शकतो.

वेग बसला की शब्द उतरवायचे. दोघा-तिघांनी वेगवेगळं बसून लिहावं, एकमेकांचं न बघता. एकदा कुणाचा कागद पाहिला की कान तेच ऐकतो, मग कितीही वेळा मागं नेलं तरी सुटका नाही. चार-पाच सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा, हेडफोनवर. अडलं तर स्वर न बदलता ७५ टक्के वेगानं. रेडिओवरून घेतलेल्या प्रतीत 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारा वरचा भाग गेलेला असतो, 'त' आणि 'प'ही गोंधळतात. स्वर आणि अनुनासिकं टिकतात. म्हणून अशा प्रतीतल्या ओळीचा अर्थ एका 'स'वर उभा असेल तर ती ओळ कच्ची समजावी. बेळगावात एक सोय आहे: घरात कन्नड बोलणारा आणि मराठी बोलणारा असे दोन लिहिणारे सहज मिळतात, आणि ज्याला जी भाषा सरावाची तो तिचेच शब्द ऐकतो. दोघांच्या कागदांत जिथं फरक पडतो, तिथं आवाज खरोखर अस्पष्ट आहे.

एकाच गाण्याचे दोन टेक, म्हणजे दोन वेळा गाऊन केलेली रेकॉर्डिंगं, असतील तर त्यांचा मिळून एक 'शुद्ध' पाठ करायचा मोह टाळावा. अभंगांच्या पोथ्यांत पाठभेद जसे शेजारी ठेवतात तसेच ठेवावेत. गायकानं दुसऱ्या टेकमध्ये बदललेला शब्द हा आपल्याला मिळालेला सर्वांत मोठा पुरावा असतो, तो आपणच पुसून टाकायचा म्हणजे कमाल झाली.

ही पद्धत घासून बघायची तर ज्याचा उलगडा बराचसा झालेला आहे असं उदाहरण घ्यावं. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं 'ब्लाइंड विली मॅक्टेल' त्याला सगळ्यात सोयीचं. १९८३च्या 'इन्फिडेल्स' या अल्बमसाठी रेकॉर्ड झालं, डिलन पियानोवर आणि मार्क नॉफ्लर गिटारवर. अल्बममध्ये आलं नाही, चोरट्या प्रतींतून फिरलं, आणि १९९१ला डिलनच्या आधी न निघालेल्या रेकॉर्डिंगांच्या 'बूटलेग सीरिज'च्या पहिल्या संचात अधिकृत निघालं. मधल्या आठ वर्षांत चाहत्यांनी यावर काय काय रचलं! गुलामगिरीचा हिशेब मांडणारं गाणं म्हणून दाबलं, डिलनच्या आधीच्या ख्रिस्ती भक्तिगीतांच्या काळाशी फारकत दाखवतं म्हणून काढलं, इत्यादी.

मिनिटं मोजू. 'इन्फिडेल्स'वर आठ गाणी, जेमतेम ४२ मिनिटं. हे गाणं सहा मिनिटांच्या आतबाहेरचं. घातलं असतं तर ४८च्या घरात, एका बाजूला २४ मिनिटं. एलपीला जड, पण अशक्य नाही, आणि दुसरं एखादं काढून बसवता आलंच असतं. म्हणजे इथं नुसत्या मिनिटांनी काम भागत नाही. पुढं डिलननंच एका मुलाखतीत सांगितलं की ते बहुधा वादकांना दाखवण्यापुरतं केलेलं होतं, नीट पुरं झालंच नव्हतं, आणि वगळण्याचं दुसरं काही कारण नव्हतं. चाहत्यांना हे उत्तर आवडत नाही. २०२१ला त्याच सत्रांमधला पूर्ण वाद्यवृंदाचा टेकही बाहेर आला, आणि 'नुसता पियानो आणि गिटार म्हणजे मुद्दाम निवडलेला एकाकीपणा' हा लाडका अर्थ बराच लंगडा पडला.

पण सगळे अर्थ पडले नाहीत, आणि इथं चाहत्यांना दाद द्यायला हवी. चाल 'सेंट जेम्स इन्फर्मरी' या जुन्या गाण्याच्या वळणाची आहे हे त्यांनी ओळखलं. शेवटच्या कडव्यात सेंट जेम्स नावाचं हॉटेल येतं, ते त्यांनी चालीशी जोडलं. आणि १९५९ला वारलेल्या खऱ्या मॅक्टेलनं, म्हणजे ज्याचं नाव गाण्याला आहे त्या ब्लूज गायकानं, याच कुळातलं एक मरणगीत स्वतः गायलेलं होतं, तिथपर्यंत ते पोचले. ही वाचनं टिकली, कारण ती गाण्यात ऐकू येणाऱ्या गोष्टींवर उभी होती. 'का वगळलं' यावर उभी असलेली सगळी कोसळली.

आपल्या भागाची एक खास खोडही सांगायला हवी. गाण्यात 'पल्याड', 'वेस', 'आपलं घर' असं काही आलं की इथल्या श्रोत्याला १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस, आठवतो. 'नदी' आली की ती मलप्रभाच. सीमाभागात वाढलेल्या कानाचा हा दोष म्हणवत नाही, पण गीतकार कुठला, गाणं कधीचं, एवढं तरी विचारावं. पुण्यात बसून विरहाचं गाणं लिहिणाऱ्यानं वेस म्हटली तर ती बहुधा गावाचीच वेस असते. 'मला असं लागतं' आणि 'गाण्यात असं आहे' हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलं की भांडण निम्मं होतं; पहिल्या रकान्यात सीमाप्रश्न खुशाल लिहावा.

दुसऱ्या रकान्यासाठी शेजारची गाणी उपयोगी पडतात. वगळलेल्या गाण्यातली एखादी प्रतिमा, एखादी अर्धी ओळ, कधी अंतऱ्याची अख्खी चाल पुढच्या अल्बममध्ये दुसऱ्या गाण्यात निघते. तशी सापडली तर गाणं दाबलं नव्हतं, मोडून वापरलं होतं, हे जवळजवळ पक्कं. म्हणून त्या गायकाची आधीची आणि नंतरची दोन-दोन वर्षं तरी ओळीनं ऐकावीत, मग अर्थाला हात घालावा.

कागदावर शेवटी एवढं असलं पाहिजे: प्रत कुणाच्या कॅसेटवरून कितव्या पिढीची, वेगात किती टक्के दुरुस्ती आणि कशाच्या आधारावर, शब्द कुणी-कुणी उतरवले, कुठल्या ओळी कच्च्या. नवा टेक निघाला तर जुना कागद फाडू नये. त्याच्या खाली तारीख टाकून नवा पाठ लिहावा. दुरुस्ती न केलेली मूळ फाइलही तशीच ठेवावी, कारण वेगाचा हिशेब चुकला असं दुसऱ्या कुणी दाखवलं तर पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते.