घासू नका, उकळू नका

आपल्या घरांत स्वच्छता मोजायची दोनच मापं आहेत: पाणी किती कढत होतं आणि हात किती जोरात चालला. तांब्याला चिंच, कढईला काथ्या, शर्टाच्या कॉलरला ब्रश, बाळाच्या बाटलीला उकळतं पाणी. या संस्कारात वाढलेल्या बाईच्या हाती डेंटिस्ट एक पारदर्शक, वाकडा तुकडा ठेवतो आणि म्हणतो, "गार पाण्याखाली धरायचा, मऊ ब्रश हलकेच फिरवायचा, बास." बास? एवढ्याने काय स्वच्छ होणार, कपाळ!

हा तुकडा म्हणजे नाइट गार्ड, झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री दातांवर चढवायचं कवच. मी खाते. हे काम असं आहे की ते करणाऱ्याला ऐकू येत नाही, शेजारी झोपलेल्याला येतं. "मध्यरात्री कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरतंय असं वाटतं," ही नवऱ्याची तक्रार. लहानपणी कुणी दात खाल्ले की मोठ्या बायका एकच निदान करायच्या, पोटात जंत झालेत. आताचे डॉक्टर ताण, अपुरी झोप, चहा-कॉफी अशी नावं घेतात. त्यापेक्षा जंत परवडले, ते औषधाने पडतात तरी.

गार्ड करायचा तर आधी दातांचं माप द्यावं लागतं. गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात दाबून बसवतात, लगदा घट्ट होईपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि उमासा दाबायचा. हा लगदा आल्जिनेटचा, म्हणजे मुळात समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा. त्याला पुदिन्याचा वास लावून तो सुसह्य केल्याचा दवाखान्याचा समज असतो. मग त्यात प्लास्टर ओतून दातांचा साचा तयार होतो. तो साचा पहिल्यांदा टेबलावर पाहिला आणि मी गप्पच झाले. आरशात आपण पुढचे चार दात बघतो आणि खूश असतो. इथे सगळी बत्तिशी पांढरीफटक समोर, आणि सुळ्यांची टोकं सपाट, कानशीने घासल्यागत. इनॅमल, म्हणजे दातांवरचा कडक थर, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस् मापावर दहापैकी साधारण ५. पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड जुळतं तसं ते भरून येत नाही. गेलं ते गेलं.

गार्ड दात खाणं थांबवत नाही, हेही तेव्हाच कळलं. जबडा आपलं काम रात्रभर करतोच. झीज फक्त दातांऐवजी गार्डावर पडते. बसवताना डॉक्टर निळा कागद चावायला देतात, गार्डावर उमटलेले निळे ठिपके बघून जिथे जास्त दाब येतो तिथे थोडं घासतात, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. गार्डाच्या आयुष्यात घासण्याचा अधिकार त्यांना एकट्यांना आहे.

घरी आल्यावर खरा संघर्ष सुरू झाला. सासूबाईंनी तो तुकडा उजेडात धरून पाहिला आणि निकाल दिला, "अगं, तोंडात घालायची वस्तू, उकळत्या पाण्यात घाल की चांगली पाच मिनिटं." "अहो आई, तो वाकतो," मी म्हटलं. त्यांना पटलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी तीन पोरांच्या बाटल्या उकळून काढल्या आहेत. पण गंमत अशी की औषधांच्या दुकानात जे तयार गार्ड मिळतात ते घडवायची रीतच ती आहे. गरम पाण्यात टाकायचा, मऊ झाला की तोंडात घालून चावायचा, दातांचा आकार येतो. म्हणजे उकळून गार्ड निर्जंतुक होण्याआधी बेढब होतो, आणि सकाळी जबडा दुखतो. दवाखान्यातला कडक गार्ड अॅक्रिलिकचा असतो. दंतवैद्यकात हे अॅक्रिलिक १९३०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि कवळ्यांमधून त्याने कडक रबराला हुसकून लावलं. तेही फार उष्णता सोसत नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर गार्डाची डबी विसरू नये ती त्यामुळेच.

दुसरा मोह टूथपेस्टचा. दातांना चालते मग गार्डाला का नाही? कारण टूथपेस्टमध्ये दात घासायला सिलिकाची किंवा खडूच्या जातीची बारीक भुकटी असते. इनॅमलला ती पचते. अॅक्रिलिक त्याहून मऊ, त्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत जंतू सुखाने संसार थाटतात. जितका घासाल तितका तो लवकर वास मारतो. माझ्या मते हा सरळसरळ आपल्या वळणाचा अपमान आहे, पण इलाज नाही. भांडी घासायचं लिक्विड थेंबभर, बोटांनी चोळायचं, गार पाण्याने खळखळून धुवायचं. तेही सकाळी काढल्या काढल्या, कारण लाळ वाळली की बुळबुळीत थर चिकटून बसतो. पुढे लाळेतलं कॅल्शियम त्यात साचून पांढरं किटण धरतं, आणि ते मात्र साबणाला दाद देत नाही.

आणि हळद! रात्री आमटी-भात खाऊन, दात न घासता गार्ड चढवला की त्याची कशी पिवळी झाक होते ते प्लॅस्टिकच्या डब्यात वरण ठेवणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

वाळवण्याचा प्रश्न आठ महिने पडत नाही. जाळीच्या डबीत ठेवला की तासाभरात कोरडा. कवळी पाण्यात ठेवतात म्हणून गार्डही पाण्यात ठेवावा का, यावर डॉक्टराडॉक्टरांत मतभेद आहेत. आमच्या डॉक्टरांचा कौल कोरड्याला. पण जुलैत पुण्यात काय कोरडं राहतं? मोजे नाही, पापड नाही, मीठसुद्धा नाही. ओला गार्ड बंद डबीत ठेवला तर संध्याकाळी झाकण उघडताच कुबट वास येतो. त्या दिवसांत मी तो पंख्याखाली स्वच्छ रुमालावर उपडा ठेवते. उघडा मात्र फार वेळ नाही. आमच्या मैत्रिणीकडच्या कुत्र्याने तिचा गार्ड टीपॉयवरून उचलला आणि मनसोक्त चघळला. लाळेचा वास कुत्र्यांना फार प्रिय. कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलेल्या गार्डाचा तर शेवट ठरलेलाच, तो कचऱ्यात जातो.

धुताना मी तो खिडकीपाशी तिरपा धरून बघते, ही माझी सवय झाली आहे. नवा असताना काचेसारखा होता. आता दाढांच्या जागी धुरकट चकत्या आहेत, उजवीकडे जास्त. सुळ्याच्या वर एक गुळगुळीत चर पडलाय. ३१ मार्चच्या आसपास तो चर खोल झाला असावा असा माझा अंदाज आहे, पण ऑफिसला याचा पुरावा म्हणून काही दाखवता येणार नाही. डॉक्टरांना दाखवता येतो. दर खेपेला गार्ड सोबत आणा, असं ते सांगतात ते यासाठीच. तडा गेलाय का, बसतो का नीट, किटण काढायचंय का, सगळं तेच बघतात.

किटण फार होऊ नये म्हणून अधूनमधून कवळीच्या फसफसणाऱ्या गोळ्या वापरायला त्यांनी सांगितल्या आहेत. कोमट पाण्यात गोळी, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ गार्ड, आणि मग भरपूर धुणं. गोळ्या आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे मिळतात. तो दर वेळी पाकीट देताना आपुलकीने विचारतो, "आईंसाठी का?" मी हो म्हणते. सासूबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुकं खोबरं दाताने फोडतात, हे त्याला कशाला सांगा.