नुसती गोळी आली तरी

रात्री, जेवणं आटोपल्यावर

नव्या औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र घरी आणलंय. मराठीतच आहे, तरी सावकाश वाचावं लागतंय. नवं औषध कोणाला आणि हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली नुसती गोळी कोणाला, हे संगणक ठरवणार. मला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही.

आईचं घोडं इथेच अडलंय. "तुझ्या जिवावर प्रयोग कशाला?"

तिला भीती वाटणारच. माझ्या नडग्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके पुन्हा उठलेत, दाबले तरी पुसट होत नाहीत. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. प्लेटलेट २२ हजार. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. मायेने आणला, पण हा डेंग्यू नाही, आयटीपी नावाचा रक्ताचा आजार आहे. त्यात माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडी माझ्या प्लेटलेटना चिकटतात आणि प्लीहा त्यांचा फडशा पाडते. स्टेरॉइडने आकडा चढतो, डोस उतरवला की कोसळतो. वर चेहरा सुजतो, शुगर वाढते, झोप उडते.

आईला हॅरिंग्टनची गोष्ट सांगितली. १९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपी झालेल्या एका बाईचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट तळाला गेल्या, फिट आली. काही दिवसांनी सावरला. रुग्णाच्या रक्तातलंच काहीतरी प्लेटलेट मारतं, हे तेव्हा दिसलं. आई बराच वेळ गप्प होती.

मला मात्र त्याच्याइतकेच ते ६९ जण आठवतात. रिल्झाब्रुटिनिब या आयटीपीवरच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत २०२ रुग्ण होते. औषध घेतलेल्यांपैकी २३ टक्क्यांच्या प्लेटलेट टिकून राहिल्या. नुसती गोळी घेणाऱ्या ६९ जणांत एकाच्याही नाहीत. ते नसते तर त्या २३ टक्क्यांवर कोणी विश्वास ठेवला असता? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मंजुरी मिळाली. त्यात त्यांचाही वाटा आहे, असं मी मनापासून मानते. माझ्या वाट्याला नुसती गोळी आली तरी ती वाया जाणार नाही.

उद्या विचारायचं: प्लेटलेट फारच उतरल्या तर नेहमीचे उपचार लगेच मिळतील ना? चाचणी संपल्यावर नुसती गोळी मिळालेल्यांना खरं औषध देणार का?

आई बरोबर येतेय. तिनेही प्रश्न लिहून काढलेत. पहिलाच, मधेच सोडायचं म्हटलं तर कोणी अडवणार नाही ना? कधीही सोडता येतं, तसं संमतीपत्रात लिहिलंय. पण तिला ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय.