फिल्म की डिजिटल: कार्ल्याच्या चैत्यगृहातला आतापर्यंतचा हिशेब

रंगीत फिल्म थांबवली. फ्रीजमधले उरलेले रोल संपले की नवे मागवणार नाही. कृष्णधवलचं मात्र अजून ठरत नाही, आणि ते लेण्यांतच ठरायला हवं, कारण माझं सगळं काम तिथलंच आहे: कार्ले, भाजे, बेडसे. गच्चीवर उन्हात फोटो काढून तुलना केली तर दोन्ही कॅमेरे छानच वाटतात, त्यातून काही कळत नाही.

एका बाजूला निकॉन एफएम२ हा फिल्म कॅमेरा, त्यावर २८ मिमी एफ/२.८ लेन्स, आणि एचपी५ प्लस ही इलफर्डची कृष्णधवल फिल्म. दुसऱ्या बाजूला मित्राकडून मागून आणलेली निकॉनचीच डिजिटल बॉडी, डी७५०. हीच बॉडी मागितली, कारण तिच्या माउंटपाशी, म्हणजे लेन्स बसते तिथे, जुन्या हाताने फिरवायच्या एआय लेन्सच्या अॅपर्चर रिंगची (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या कड्याची) हालचाल ओळखणारी खिटी आहे. मेनूत फोकल लेंग्थ आणि कमाल अॅपर्चर भरलं की उजेड मोजणारा मीटर नीट चालतो. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींवर हीच लेन्स बसते, पण मीटर चालत नाही. जुन्या लेन्स सांभाळून असलेल्यांनी सेकंडहँड बॉडी घेण्याआधी एवढं तरी बघावंच.

आता कार्ले. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की पिंपळपानी कमानीतून ऊन आत उतरतं आणि छताच्या लाकडी फासळ्या एकेक करून उजळतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड आणि त्यावरचं तिरकं ऊन, यासाठीच मी तिथे पुन्हा पुन्हा जातो. अडचण अशी की तिथे एकाच चौकटीत तीन वेगळे उजेड असतात. कमान बाहेरच्या आभाळाइतकी उजळ. मधल्या मंडपात आयएसओ ४००, एफ/२.८ ला १/८ सेकंद. आणि खांबांच्या मागून जाणारा प्रदक्षिणामार्ग मंडपापेक्षाही चार स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे तेवढ्याच अॅपर्चरला पूर्ण दोन सेकंद. कमान आणि मागची भिंत यांच्यात सहज बारा स्टॉपचं अंतर पडतं.

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणून मी तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी नेतो, ती फरशीवर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवतो. पहारेकरी काकांनी विचारलं, ‘‘यात काय आहे?’’ म्हटलं, ‘‘तांदूळ आहेत काका, कॅमेरा टेकवायला.’’ त्यांनी पिशवी दाबून पाहिली आणि मग स्वतःच दाखवलं की डावीकडच्या खांबामागे उभं राहिलं तर एकविरेला आलेली गर्दी फोटोत येत नाही. जागा खरंच उत्तम निघाली.

त्या खांबामागे डिजिटल सरळसरळ जिंकतं. एचपी५ वर एफ/८ या लहान अॅपर्चरसाठी हिशेब १५ सेकंदांचा निघतो, पण इतक्या लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते. इलफर्डच्या १.३१ या घातांकाने तो आकडा ३५ सेकंदांवर जातो. एफएम२ चा सर्वांत मंद शटर एक सेकंदाचा, त्यापुढे बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडा), केबल रिलीज आणि मनातल्या मनात मोजणं. त्यात कॅमेरा जमिनीवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून बघायला पालथं झोपावं लागतं. डी७५० वर सेन्सर असा मंदावत नाही. मागचा स्क्रीन वर उचलायचा, लाइव्ह व्ह्यू मोठा करून छिन्नीच्या खुणांवर फोकस लावायचा, की झालं. त्या फाइलमध्ये भिंतीवरच्या छिन्नीचा प्रत्येक तिरका घाव मोजता येतो. निगेटिव्हमध्ये तिथे मला आजवर राखाडी धुकंच मिळालं. फिल्म पुश करूनही, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करूनही, फरक पडत नाही, कारण पुश केल्याने मधले टोन वर येतात. जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे डेव्हलपर काय वाढवणार?

कमानीपाशी मात्र पारडं फिरतं. फिल्ममध्ये सावलीसाठी एक्स्पोजर द्यायचं आणि डेव्हलपमेंट थोडी कमी करायची. उजळ भाग निगेटिव्हवर दाट होतो, पण त्यातला तपशील बराचसा टिकतो. प्रिंट करताना तेवढा भाग बर्न केला, म्हणजे त्याला जास्त उजेड दिला, की कमानीच्या लाकडी जाळीची रेघ न् रेघ येते. डिजिटलला उलटं चालावं लागतं: उजेड आधी वाचवायचा, अंधार मागाहून उचलायचा. एकदा आभाळ नुसतं पांढरं पडलं की त्या फाइलमधून काहीही परत येत नाही. आयएसओ १०० वर कमानीसाठी एक्स्पोजर देऊन मंडप पाच स्टॉप उचलला, तर डी७५० आश्चर्य वाटावं इतकं देते. खांबांमागचा भाग त्याहून वर ओढला की जांभळे-हिरवे ठिपके येतात. दोन एक्स्पोजर जोडून बघितली. मला ती पटत नाहीत. सगळीकडे सारखा उजेड पसरतो आणि आत पाऊल टाकताना डोळ्यांना जो अंधार लागतो, तोच नाहीसा होतो.

घरचं कामही हिशेबात धरतोय. डी-७६ डेव्हलपर, पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं, हे थंडीत सोपं. एप्रिल-मे मध्ये नळाचंच पाणी तिशीकडे जातं. मग घमेल्यात बर्फ, त्यात डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या, आणि थर्मामीटरवर नजर. हे मला आवडतं, पण ऑफिस सांभाळून दर आठवड्याला होत नाही.

डिजिटल बॉडीने फिल्मचंच एक मोठं काम, निगेटिव्ह स्कॅन करणं, सोपं केलं, याचा अंदाज नव्हता. अगदी जवळून फोटो काढायची ५५ मिमी मायक्रो लेन्स, मागे पीके-१३ ट्यूब (लेन्स आणि बॉडीमधली पोकळ नळी), खाली निगेटिव्हला उजेड देणारा लाइटपॅड. मायक्रो एकटी निम्म्या आकारापर्यंतच जाते, ट्यूब लावली की एकास एक. कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर आहेत का, हे लाइटपॅडवर छोटा आरसा ठेवून बघायचं: लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध आलं की बरोबर. माझ्या फ्लॅटबेड स्कॅनरने कधी न दाखवलेला ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, आता कडेपर्यंत स्वच्छ दिसतो, आणि जुन्या निगेटिव्हमधल्या फासळ्या मी नव्याने बघतोय.

म्हणून सध्याची वाटणी अशी: रंग आणि खांबांमागचा अंधार डिजिटलकडे, कमान चौकटीत असेल तर एचपी५. बॉडी मित्राकडूनच विकत घ्यायची बोलणी चालू आहेत. शटर किती वेळा चालला आहे, तेवढं बघून आकडा ठरेल.

बेडसे राहिलंय. त्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे व्हरांड्यातल्या खांबांवरच्या हत्ती-घोड्यांवर सकाळचं ऊन थेट येतं. तिथे अंधारापेक्षा उन्हाचीच परीक्षा जास्त आहे. पावसाळा सरला, आभाळ निवळलं की दोन्ही कॅमेरे तिथे नेणार, आणि त्या वेळी डी७५० वर मुद्दाम कृष्णधवल काढणार.